क्रीम एल: मक्याचा वास हवा की नको?

कोरडा_घसा

क्रीम एल या अमेरिकन बिअरबद्दल तीन शंका आहेत. हिच्यात दुधातुपाचं काही नसतं म्हणतात, पण किल्केनीवर 'आयरिश क्रीम एल' लिहिलेलं असतं आणि ती तर तांबूस, वर सायीसारखा फेस. मग अमेरिकेची जेनेसी क्रीम एल आणि ती एकाच जातीच्या कशा? दुसरं, उकडलेल्या मक्याचा वास कुणी हिचं लक्षण सांगतं, कुणी दोष. खरं काय? तिसरं, २० लिटरचं प्रमाण हवं आहे, माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) तयार अर्क न वापरता, सगळं धान्यापासून.

मोडआलेले_जव

एका जातीच्या नाहीतच. किल्केनी ही आयरिश रेड एल. तिचा फेस नायट्रोजनचा: हा वायू बिअरमध्ये फारसा विरघळत नाही, बुडबुडे अगदी बारीक निघतात आणि फेस दाट बसतो. अमेरिकन क्रीम एलमध्ये साधा कार्बन डायऑक्साइड, तोही भरपूर. मिल्क स्टाउटलाही क्रीम स्टाउट म्हणतात, तिच्यात लॅक्टोज (दुधातली साखर) असतं. तिचाही इथे संबंध नाही.

१९व्या शतकाच्या उत्तरार्धात लागर बिअरने अमेरिकेत गिऱ्हाईक खेचायला सुरुवात केली. लागर मुरायला गारवा आणि कित्येक आठवडे लागतात. एलवाल्यांनी (एल म्हणजे उबेत पटकन आंबणारी बिअर) आपल्याच यीस्टवर फिकी, फसफसती, लगेच प्यायची बिअर काढली. 'प्रेझेंट यूज एल' म्हणायचे तिला. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीतूनही ती तगली. आज ठळक नावं दोन: रॉचेस्टरची जेनेसी, १९६० पासूनची, आणि सिनसिनाटीची लिटल किंग्ज, ७ औंसांच्या हिरव्या बाटलीतली.

आकडे: सुरुवातीची घनता १.०४२ ते १.०५५, शेवटची १.००६ ते १.०१२, अल्कोहोल ४.२ ते ५.६ टक्के, कडवटपणा ८ ते २० आयबीयू.

चव कळायची असेल तर ब्लाँड एल आणि कोल्श (जर्मनीतल्या कोलोनची फिकी बिअर) शेजारी ठेवून ५ ते ७ अंशांवर घोट घ्या. ब्लाँडमध्ये माल्ट जास्त जाणवतं, कोल्शमध्ये हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि हलका फळांचा गंध. क्रीम एल जिभेवर किंचित गोड लागते आणि गिळल्यावर गोडवा पटकन ओसरतो. तो रेंगाळला तर बिअर नीट आंबलेली नाही. आणि हिरव्या बाटलीतून उग्र, कुबट वास आला तर शैलीला दोष देऊ नका. उजेडाने हॉप्समधली कडू द्रव्यं बिघडतात, हिरवी काच तो अडवत नाही. डबा घ्या.

फेसाळ

मक्याच्या वासाची गंमत अशी की तो बहुतेक वेळा मक्यातून येतच नाही, येतो जवातून. मोड आलेल्या जवात एसएमएम नावाचं द्रव्य असतं. उष्णतेने त्याचं डीएमएस होतं आणि डीएमएसला उकडलेल्या मक्याचा वास. गडद माल्ट भाजताना हे बरंचसं उडून जातं, पिल्सनर माल्ट हलकंच वाळवतात म्हणून त्यात शिल्लक राहतं.

उकळत्या वर्टमध्ये (न आंबलेल्या गोड धान्यपाण्यात) एसएमएम साधारण ४० मिनिटांत निम्मं होतं. म्हणजे ६० मिनिटं उकळलं तर तिसऱ्या हिश्शाहून जरा जास्त उरतं, ९० मिनिटांत पाचवा हिस्सा. म्हणून पिल्सनर असेल तर ९०. भांड्यावर झाकण अजिबात नको. वाफ झाकणाला लागून परत आत टपकली की सगळी मेहनत पाण्यात.

लोक चुकतात ते यानंतर. आच बंद केली तरी ८५-९० अंशांवर डीएमएस तयार होतच राहतं, पण आता ते उडवायला उकळी नसते. अर्ध्या तासात २० अंशांखाली आणा.

तर उत्तर: पुसटसा वास शैलीत चालतो. ग्लास नाकाशी नेण्याआधीच तो आला तर दोष. मॅशमधल्या (गरम पाण्यात भिजवलेल्या धान्यातल्या) मक्याचा गंध वेगळा, सौम्य, धान्यासारखा गोडसर.

तळाचा_गाळ

२० लिटर, धान्यातून साखरेचा ७५ टक्के उतारा धरून, घनता १.०४८:

पेल माल्ट ३.२ किलो (टू-रो म्हणजे कणसात दाण्यांच्या दोन ओळींच्या जवाचं, किंवा निम्मं सहा ओळींचं सिक्स-रो), मक्याचे पोहे ७०० ग्रॅम, साधी साखर २०० ग्रॅम. मॅशला १२ लिटर पाणी, ६५ अंश, ७० मिनिटं, पीएच ५.३ च्या आसपास. मग १९ लिटरने धुवून घ्या. ५ टक्के अल्फाचे (कडवटपणा देणाऱ्या आम्लाचे) हॉप्स २२ ग्रॅम उकळीची ६० मिनिटं उरली असताना, १० ग्रॅम शेवटच्या १० मिनिटांना, साधारण १५ आयबीयू. साखर शेवटच्या १५ मिनिटांत, आच कमी करून, नाहीतर तळाला लागते.

यीस्ट यूएस-०५ किंवा कोल्शचं. १६ ते १७ अंशांवर आंबवा. २२ च्या वर गेलं की फळांचा गंध येतो, आणि इतक्या फिक्या बिअरमध्ये तो लपत नाही. घनता १.०१५ ला आली की २० अंशांवर नेऊन तीन दिवस ठेवा. मग १-२ अंशांवर दोन आठवडे. शेवटी १.००८ च्या जवळपास थांबेल.

मोडआलेले_जव

प्रमाण चांगलं आहे, एक भर घालतो. थंडीत मुरवणं ही नंतरची सवय, जुन्या पद्धतीत नव्हतं. अनेक ठिकाणी आंबत असलेली ताजी बिअर तयार बिअरमध्ये मिसळून वायू आणत. तरी घरी दोन आठवडे ठेवाच, नितळ होते. साखर २०० ग्रॅमच्या पुढे माझ्या मते नेऊ नये. शैलीच्या नियमात बसते, पण बिअर पाणचट होते.

सिक्स-रो आणि मका ही जोडी उगाच जमलेली नाही. सिक्स-रोमध्ये प्रथिनं आणि एन्झाइम्स दोन्ही जास्त. एन्झाइम्स मक्याचं पिठूळ फोडतात आणि मक्यामुळे प्रथिनांचं प्रमाण खाली येऊन बिअर नितळ राहते.

कोरडा_घसा

पोह्यांऐवजी मक्याचा रवा चालेल का? आणि २० अंशांवरचे तीन दिवस पुरले की नाही हे कसं ओळखायचं?

तळाचा_गाळ

चालेल, पण थेट मॅशमध्ये नाही. पोहे आधीच वाफवलेले असतात. कच्च्या रव्याचं पिठूळ फुलायला ७४ अंशांपर्यंत जावं लागतं, तेवढ्या उष्णतेत माल्टचे एन्झाइम्स मरतात. म्हणून ७०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम माल्ट, ४ लिटर पाणी वेगळ्या भांड्यात ६७ अंशांवर २० मिनिटं, मग अर्धा तास उकळा, ढवळत राहा. तिकडे बाकीचं माल्ट ९ लिटर पाण्यात ५२ अंशांवर ठेवलेलं असू दे. उकळतं मिश्रण त्यात थोडंथोडं ओता, ६५ आलं की थांबा, उरलेलं निवल्यावर घाला. रवा कोंब काढलेल्या मक्याचाच हवा, कोंबातलं तेल फेस मारतं.

फेसाळ

तपासणी अशी: बिअरचे दोन नमुने घ्या. एक झाकून ६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग दोन्ही एकाच तापमानाला आणून हुंगा. गरम केलेल्यात लोण्याचा वास आला तर डायअसेटिल (आंबताना तयार होणारं, यीस्टने नंतर संपवायचं द्रव्य) अजून बाकी आहे, आणखी दोन दिवस २० अंशांवर राहू दे. हिरव्या सफरचंदाचा वास आला तरी तेच, यीस्टचं काम उरलंय.

बाटलीत फसफस यावी म्हणून भरताना घालायच्या साखरेचं गणित सध्याच्या थंड तापमानावर करू नका. आंबणं संपल्यानंतर बिअर जास्तीत जास्त जितकी गरम झाली होती तेवढाच वायू तिच्यात शिल्लक असतो, इथे २० अंश. २.६ व्हॉल्यूमसाठी (एक लिटर बिअरमध्ये २.६ लिटर वायू) २० लिटरला सुमारे १३५ ग्रॅम साखर. २ अंश धरून हिशेब केला तर ८० च्या आतच उत्तर येतं आणि बिअर मिळमिळीत निघते.