मदत हवी आहे: रेससाठी टायर, ओल्या आणि कोरड्या दोन्ही रस्त्यांवर चालतील असे

लोकमान्यनगरी
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आमच्या क्लबची रोड रेस आहे. इंदूरहून खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे आणि परत. त्या दिवशी ऊन असेल की पाऊस, कोणीच सांगू शकत नाही. सध्याचे टायर ओल्या रस्त्यावर वळणात सुटतात. परवा तेजाजी नगरच्या पुढे मागचं चाक सरकलं, पडता पडता वाचलो. दोन सेट घेऊ का, एक पावसाचा आणि एक कोरड्याचा? की दोन्हीकडे चालेल असा एकच टायर मिळतो? मागवले की यायला आठवडा जातो, म्हणून आज-उद्याच ठरवायचं आहे. कृपया थेट नाव सांगा.

महूचा_मेकॅनिक
गाडी किती सीसीची? मागे १४० बसतो का? रेस करायची तर मागे रेडियल टाका, आणि पुढचा जुना ठेवू नका. दोन्ही एकाच जातीचे हवेत. पुढे कडक आणि मागे मऊ असं केलं तर ब्रेक दाबताना गाडी अंदाज देत नाही.

लोकमान्यनगरी
दादा, सायकल आहे. रोड सायकल, सातशे सी मापाच्या चाकांची.

भेरूघाट
आधी एवढं सांगा: आताचे टायर किती एमएमचे, हवा किती भरता, तुमचं वजन, ब्रेक डिस्क की रिमचे, आणि रिमची आतली रुंदी. बजेटही लिहा. हे कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

वडोदेकर
ट्यूबलेस घ्या आणि मोकळे व्हा. इकडे वडोदऱ्यात आमच्या ग्रुपमध्ये बहुतेक सगळे ट्यूबलेसवर गेलेत. बारीक भोक पडलं तर आतलं सीलंट ते तिथल्या तिथे बुजवतं, थांबावं लागत नाही. हवा कमी ठेवता येते, ट्यूब चिमटून पंक्चर होण्याची भानगडच नाही. ग्रँड प्री ५००० एस टीआर किंवा प्रो वन, दोन्ही ट्यूबलेस टायर वापरलेत, दोन्ही उत्तम.

लोकमान्यनगरी
टायर २३ चे आहेत, सायकलसोबत आलेले, तारेच्या कडेचे. हवा १२० पीएसआय भरतो, टायरवर तेवढीच लिहिली आहे. वजन ७४. जोडीला आठ-नऊ हजार. रिमचं माप कशाला हवं? मला टायर हवाय.

भेरूघाट
तुमचं चाक का सरकलं, त्याचं निम्मं उत्तर त्या १२० मध्ये आहे. टायरच्या कडेवर जो आकडा लिहिलेला असतो तो कमाल मर्यादेचा असतो, भरायचा नव्हे. ७४ किलोच्या माणसाने २३ वर १२० भरले की रस्त्याला टेकणारा पट्टा अगदी छोटा होतो आणि टायर खडीवरून उडत राहतो. हवेत असलेलं चाक पकड धरणार कसं? शिवाय सोबत आलेल्या टायरचं रबर बहुधा टिकण्यासाठी कडक केलेलं असतं. कोरड्यावर ते चालून जातं, ओल्यावर उघडं पडतं.

रिमचं माप अशासाठी की २५ चा टायर आत १७ असलेल्या रिमवर जेमतेम २५-२६ भरतो, तोच १९ किंवा २१ च्या रिमवर आणखी फुगतो. रिम ब्रेकच्या जुन्या सायकलीत ब्रेकच्या पुलाखाली, म्हणजे चाकावरून जाणाऱ्या ब्रेकच्या कमानीखाली, २८ मावत नाही, काहींत रुंद भरलेला २५ सुद्धा घासतो. ब्रेकचं अजून सांगितलं नाहीत.

सांवेररोड
पकडीची एवढी चर्चा चालली आहे, पण मूळ गोष्ट कोणी बोलून नाही राहिलं. नक्षी! गुळगुळीत टायर पावसात घसरणारच. मोटारीच्या टायरला खाचा असतात त्या काय शोभेला? माझ्याकडे बारीक खाचांचे टायर आहेत, उज्जैन रोडवर भर पावसात चालवतो, कधी त्रास नाही. भिया, पावसासाठी वेगळा सेट घ्या, नक्षीवाला.

गणिताचेसर
सांवेररोड, तुमच्या टायरची पकड चांगली असेल, पण ती खाचांमुळे नाही. मोटारीचा टायर रुंद आणि सपाट असतो, त्यात हवा ३० पीएसआयच्या आसपास. म्हणून पाण्याला बाहेर पडायला वाट नसते आणि गाडी पाण्यावर तरंगते. ती वाट खाचा करून देतात. सायकलचा टायर अरुंद, गोल आणि कितीतरी जास्त दाबाचा. तो पाणी कापतच जातो.

विमानांच्या टायरवर झालेल्या नासाच्या अभ्यासातून १९६३ साली एक ढोबळ सूत्र आलं: दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ काढा, त्याला ९ ने गुणा. जो आकडा येईल तेवढ्या नॉट वेगाला टायर तरंगू लागतो. ८१ पीएसआयचं वर्गमूळ ९, म्हणजे ८१ नॉट, म्हणजे ताशी १५० किलोमीटर. भेरू घाटाच्या उतारावर कोणीही त्याच्या जवळपास जात नाही. डांबराची खडबड हीच सायकलची नक्षी. मऊ रबर त्या खडबडीत शिरतं, तिथे पकड मिळते. उलट खाच पाडली की टेकणारं रबर तेवढं कमी होतं.

सांवेररोड
सर, सूत्र विमानाचं आहे. मी अनुभव सांगतोय.

गणिताचेसर
अनुभव मान्य. तुमचा टायर चांगल्या कंपाउंडचा, म्हणजे चांगल्या रबर-मिश्रणाचा आहे, म्हणून तो धरतो. त्याच कंपाउंडचा गुळगुळीत टायर लावून बघा, फरक जाणवला तर इथे जरूर लिहा.

अहिल्यापुरी
दोघांनीही पंक्चरचा विषय सोडला. मी ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड करते, रात्रीसुद्धा पावसात असते. ओल्या रस्त्यावर पंक्चर जास्त होतात, कारण पाणी वंगणासारखं काम करतं. काच आणि ट्रकच्या फाटक्या टायरमधल्या बारीक तारा रबरात सहज शिरतात, आणि पाण्यासोबत सगळा कचरा रस्त्याच्या कडेला जमतो, जिथून आपण चालवतो. मी ग्रँड प्री ४ सीझन वापरते. आत व्हेक्ट्रान या चिवट धाग्याचे दोन थर आहेत. थोडा जड लागतो, पण अंधारात चिखलात बसून ट्यूब बदलण्यापेक्षा बरा. भाऊ, हाच घ्या.

भेरूघाट
ताई, ब्रेवेला २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. तिथे तुमचा टायर अगदी बरोबर. यांची दीड-दोन तासांची रेस आहे. घोळका पुढे निघून गेला तर पंक्चर न होऊनही उपयोग नाही.

अहिल्यापुरी
आणि पंक्चर होऊन घोळका कसा गाठणार? हौशी रेसमध्ये मागे गाडी नसते. शर्यत पूर्ण करणं ही पहिली पायरी आहे, असं मला मनापासून वाटतं.

महूचा_मेकॅनिक
सायकलचं माहीत नव्हतं, पण एक सांगतो, रस्ता दोन्हीला सारखाच. पावसाच्या पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त जपा. उन्हाळाभर सांडलेलं तेल आणि धूळ वर येते. पांढरे पट्टे, पुलाच्या सांध्याच्या लोखंडी पट्ट्या आणि चेंबरची झाकणं यांवर वाकलेल्या गाडीने जाऊ नका, सरळ करून पार करा. आणि सिमरोलकडे शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर येतात तिथे चाकांची काळी माती पडते. आपली माळव्याची काळी माती ओली झाली की तिच्यावर कोणताही टायर धरत नाही, कितीही महाग असो.

वडोदेकर
+१. ट्यूबलेसचं काय ठरलं?

इंदूरी_पोहेवाला
पावसात चेनला ओल्या हवामानाचं तेल लावा, कोरड्याचं मेण लगेच धुऊन जातं. रेसनंतर चेन पुसून परत तेल द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी तांबूस दिसते.

लोकमान्यनगरी
चेनबद्दल विचारलं नव्हतं, तरी धन्यवाद. ब्रेक रिमचे आहेत. रिमवर ६२२ गुणिले १७ लिहिलंय. मित्राचं २८ चं चाक लावून पाहिलं, पुढे ब्रेकच्या पुलाला घासतंय. रिमवर ट्यूबलेस असं कुठे लिहिलेलं नाही. आता तरी नाव सांगा!

भेरूघाट
आता सोपं झालं. १७ म्हणजे आतली रुंदी, २५ साठी ठीक. ट्यूबलेस विसरा.

वडोदेकर
टेप लावून करता येतं की. आमच्याकडे एकाने केलंय.

भेरूघाट
नका सांगू असं कोणाला. जी रिम ट्यूबलेससाठी बनवलेली नाही, तिच्यात टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा नसतो. उतारावर वळणात कड सुटली तर माणूस थेट रस्त्यावर. ट्यूबलेस चांगलंच आहे, पण त्याची रिम हवी. आणि आपल्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत आटतं, ते बघत राहावं लागतं. रेसच्या तोंडावर नवी पद्धत सुरू करू नये.

लोकमान्यनगरी, दोन सेटची गरज नाही. ग्रँड प्री ५०००, साधा ट्यूबवाला, २५, दोन्ही चाकांना. तोच कोरड्याला आणि तोच पावसाला. बदलायची ती हवा. तुमच्या वजनाला कोरड्यात मागे ८८, पुढे ८४ पासून सुरुवात करा. पाऊस असेल तर दोन्हीकडून सात-आठ काढा. यापेक्षा फार खाली नको, खड्ड्यात ट्यूब चिमटेल. गेज असलेला पंप वापरा, अंगठ्याने दाबून कळत नाही.

अहिल्यापुरी
मागे तरी ४ सीझन लावा. पंक्चर बहुधा मागेच होतं, आणि वळणात पकड जास्त पुढे लागते.

भेरूघाट
ताई, हे मात्र पटतं. पुढे ५०००, मागे ४ सीझन, दोन्ही २५. रस्ता खराब असेल तर माझीही हरकत नाही. उलटं कधी करू नका. मागचं चाक सरकलं तर सावरता येतं, पुढचं सरकलं की सावरायला वेळच मिळत नाही.

सांवेररोड
४ सीझनला बारीक खाचा आहेत, बरं का सर.

गणिताचेसर
आहेत. पकड रबराची.

लोकमान्यनगरी
ठरलं. पुढे ५०००, मागे ४ सीझन, २५. आजच ऑर्डर करतो. सिमरोलच्या पुढे चोरलपर्यंतचा रस्ता या महिन्यात कोणी पाहिलाय का? रेसच्या आधी एकदा पावसात जाऊन यायचं आहे.

भेरूघाट
जरूर जा. नवा टायर पहिले काही किलोमीटर जपून चालवा, वरचा गुळगुळीत थर घासून जायला हवा. ५००० वर दोन छोटे खड्डे असतात, ते दिसेनासे झाले की टायर संपला. घरी आल्यावर टायर पुसून बोट फिरवा, रुतलेली काच त्याच दिवशी काढा, ती दोन दिवसांनी आत जाते. रिमच्या ब्रेकचे पॅडही तपासा. पावसात पहिला फेरा नुसतं पाणी पुसण्यात जातो, त्यामुळे वळणाच्या बरंच आधी हलके दाबायला लागा. पॅडमध्ये ॲल्युमिनियमचे कण अडकले असतील तर सुईने काढून टाका, नाहीतर रिम खरवडते.

महूचा_मेकॅनिक
परवा सकाळी गेलो होतो. सिमरोलपर्यंत रस्ता चांगला. पुढे उतारावर डाव्या कडेला खडी आहे, मधून चालवा, मागून ट्रक येतोय का ते बघून.