सीव्ही बदलला तरी साइटवर आईनस्टाईनच! मदत हवी आहे

ऊसाचं_चिपाड
शुक्रवारी पोस्टडॉकचा अर्ज जायचाय, त्यात स्वतःच्या वेबसाइटची लिंक सक्तीची आहे. मैत्रिणीच्या सांगण्यावरून अल-फोलिओ घेतलं, संशोधकांच्या वेबसाइटसाठीची तयार थीम, नमुन्यादाखल आईनस्टाईनची माहिती भरलेली. तीन रात्री गेल्या. सीव्हीची फाइल अख्खी बदलली, पण पानावर अजून आल्बर्ट आईनस्टाईनच बसलाय, नोबेलसकट. काय चुकतंय? प्लीज लवकर सांगा.

गावठी कोडर
सीव्हीची फाइल म्हणजे नक्की कुठली? डेटा फोल्डरमधली वायएमएल की अ‍ॅसेट्समधली रेझ्युमे डॉट जेसन? गिटहबवर अ‍ॅक्शन्समध्ये हिरवी खूण आहे की लाल फुली, म्हणजे साइट नीट तयार झाली की अडली?

नाना लाटेकवाले
थीमबीम सोडा हो. माझा सीव्ही वर्षानुवर्षं लाटेकमध्ये, म्हणजे मजकूर जुळणीच्या प्रणालीत, एका टेक्स फाइलमध्ये आहे. पीडीएफ काढायची, विभागाच्या पानावर टाकायची, विषय संपला.

गावठी कोडर
नाना, त्यांना वेबसाइट मागितलीये.

नाना लाटेकवाले
पीडीएफ काय कपाटात ठेवतात का? तीही वेबवरच असते.

मास्तर_४३१
विद्वान पोर्टलवर संशोधक म्हणून प्रोफाइल करा, इन्फ्लिबनेटचं आहे, फुकट.

ऊसाचं_चिपाड
वायएमएल बदलली. जेसन मी उघडलीसुद्धा नाही. खूण हिरवी आहे.

गावठी कोडर
मग सापडलं. तुमच्या आवृत्तीत जेसन असेल तर तीच उचलली जात असणार, ती नसली तरच वायएमएल. म्हणजे तुमचं लिखाण कुणी वाचतच नाहीये. जेसन काढून टाका आणि कॉन्फिगमधल्या (सेटिंगच्या फाइलमधल्या) जेकिल-गेट-जेसनच्या ओळींपुढे # लावा, म्हणजे जेसन उचलणाऱ्या त्या ओळी बंद होतील.

ऊसाचं_चिपाड
केलं. आता लाल फुली!! ‘मॅपिंग व्हॅल्यूज आर नॉट अलाउड’ असं काहीतरी म्हणतंय, ओळ १४.

गावठी कोडर
ओळ १४ इथे चिकटवा ना, मला कशी दिसणार?

ऊसाचं_चिपाड
title: दुष्काळ आणि स्थलांतर: मराठवाड्यातील ऊसतोड कामगार

गावठी कोडर
‘स्थलांतर’पुढचा कोलन. कोलन आणि मोकळी जागा दिसली की वायएमएलला वाटतं नवीन रकाना सुरू झाला. अख्खं शीर्षक दुहेरी अवतरणात घाला.

शुद्धलेखन_पोलीस
मराठीत त्याला अपूर्णविराम म्हणतात. बरेच जण तिथे चुकून विसर्ग टाइप करतात.

गावठी कोडर
विसर्ग टाइप केला असता तर चाललं असतं की! वायएमएलच्या लेखी ते साधं अक्षर.

शुद्धलेखन_पोलीस
म्हणून चुकीचं लिहायचं का?

नाना लाटेकवाले
लाटेकमध्ये ही भानगडच नाही. झीलाटेक आणि नोटोचा देवनागरी फॉन्ट, बस्स.

ऊसाचं_चिपाड
आलं!!! सीव्हीतून गेला एकदाचा. पण प्रकाशनांच्या पानावर अजून त्याचेच पेपर आहेत. आणि एक सांगायचं राहिलं, माझे पहिले दोन पेपर माहेरच्या आडनावाने आहेत. बाकीचे सासरच्या.

गावठी कोडर
हे आधी सांगायचं! बिब्लिओग्राफी फोल्डरमधल्या पेपर्स डॉट बिबमध्ये तुमच्या नोंदी टाका. मग कॉन्फिगमध्ये ‘स्कॉलर’खाली आडनावाच्या चौकोनी कंसात आईनस्टाईन आहे, तिथे स्वल्पविराम देऊन दोन्ही आडनावं लिहा, आणि पहिल्या नावाच्या कंसात तुमचं नाव. लेखकांच्या यादीत तुमच्या नावाखाली रेघ येते ती त्यावरूनच. नावाचं स्पेलिंग बिबमधल्यासारखंच हवं.

मृण्मयी_के
ऑर्किडलाही, म्हणजे संशोधकांच्या ओळख-क्रमांकाच्या नोंदीतही, दोन्ही नावं टाका. १६ आकडी नंबर तोच राहतो. मी घटस्फोटानंतर तिसरं आडनाव जोडलंय.

ऊसाचं_चिपाड
दोन्हीखाली रेघ आली. आता पहिल्या पानावरचा फोटो. तोही कुठल्या जेसनमध्ये आहे का?

नाना लाटेकवाले
सीव्हीत फोटो लावूच नये.