बेसच्या रेकॉर्डिंगला खरखरीत धार हवी आहे, इफेक्ट्सची साखळी कशी लावू?

खर्जातला:
नमस्कार मंडळी. आमच्या बँडची गाणी घरीच रेकॉर्ड करतोय. दोन गिटार, ड्रम्स आणि माझा चार तारांचा बेस, थेट इंटरफेसमधून (वाद्य लॅपटॉपला जोडणारी पेटी) रीपरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. एकटा ऐकला तर बेस भरीव वाटतो, पण दोन्ही गिटार सुरू झाल्या की तो कुठे गडप होतो कळत नाही. मोबाइलवर तर ऐकूच येत नाही. म्हणून ट्रॅकवर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाडणारा इफेक्ट, लावून पाहिलं. आवाज पुढे आला, पण किकबरोबर (पायाने वाजणारा मोठा ड्रम) छातीत बसायचा तो दणका गेला. तयार प्रीसेट नकोत. कशानंतर काय लावायचं आणि का, हे समजून घेऊन स्वतःची साखळी बांधायची आहे. फुकट प्लगिन (सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे इफेक्ट्स) असतील तर फारच उत्तम.

तळमजला:
दणका का जातो ते आधी बघा. डिस्टॉर्शन लाटेचा माथा कापतं, आणि बेसच्या आवाजात उंच लाटा बहुतेक वेळा खालच्या, जड भागाच्याच असतात. म्हणजे ज्याच्यावर दणका उभा आहे तेच आधी छाटलं जातं. त्यामुळे आवाजाचे दोन भाग करा आणि खालच्याला डिस्टॉर्शन लावूच नका.

साधारण २०० हर्ट्झवर फाळणी करा. खालच्या भागावर फक्त लो-पास (वरचं कापणारा फिल्टर) आणि बऱ्यापैकी घट्ट कॉम्प्रेसर (लहानमोठा आवाज सारखा करणारा), म्हणजे प्रत्येक स्वर सारख्याच वजनाचा येतो. वरच्या भागावर हाय-पास (खालचं कापणारा), मग डिस्टॉर्शन. रीपरसोबत येणारे थ्री-बँड स्प्लिटर आणि जॉइनर वापरलेत तर हे सगळं एकाच ट्रॅकवर बसतं. जमलं की एफएक्स चेन (इफेक्ट्सची साखळी) म्हणून सेव्ह करा, पुढच्या गाण्यात एका क्लिकवर तयार.

मोबाइलचं कारणही यातच आहे. तुमच्या सगळ्यात जाड तारेचा मोकळा ई ४१ हर्ट्झचा. तो मोबाइलच्या स्पीकरमधून निघणं शक्यच नाही. पण त्याचे वरचे स्वरांश, म्हणजे १६५, २०६, २४७ आणि त्यापुढचे, ठळक असले तर मेंदू खालचा स्वर स्वतः भरून घेतो. तंबोऱ्याची जवारी खुली असली की खर्जाची तार जशी खोलीभर ऐकू येते, तसंच. डिस्टॉर्शनने तुम्हाला हे स्वरांश वाढवायचे आहेत. बेस फाटका वाटायला हवा असं मुळीच नाही.

पाचवीतार:
तळमजला यांच्याशी सहमत. वरच्या भागाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खरी चव तिथेच ठरते.

डिस्टॉर्शनच्या आधी एक कॉम्प्रेसर हवाच. नाहीतर जोरात छेडलेला स्वर गुरगुरतो आणि त्याच्या शेजारचा हळू स्वर स्वच्छ निघतो, दोन वेगळी माणसं वाजवताहेत असं वाटतं. इक्वलायझर डिस्टॉर्शनच्या आधी लावला तर काय फाटेल ते ठरतं, नंतर लावला तर फाटलेल्यातलं काय ऐकू येईल ते. मी आधी ८०० हर्ट्झच्या आसपास थोडा उठाव देतो, बोटांचा आणि तारेचा कुरकुरीतपणा तिथून येतो. नंतर ५ किलोहर्ट्झच्या वरचं कापतो. तिथली चरचर झांजांच्या अंगावर जाते आणि सगळं मिक्स स्वस्त वाटायला लागतं. कॅबिनेटचा आयआर (स्पीकरच्या पेटीच्या आवाजाची नक्कल करणारी फाइल) लावलात तर हे काम तोच बऱ्याच अंशी करतो. इग्नाइट अ‍ॅम्प्सचा नॅडआयआर हा ती फाइल चालवणारा लोडर फुकट आहे. ड्राइव्हसाठी, म्हणजे डिस्टॉर्शनसाठी, टीएसईचा बीओडी घ्या, तोही फुकट, सॅन्सअ‍ॅम्पच्या बेस ड्रायव्हर या पेडलच्या धर्तीचा.

ड्राइव्ह किती ते बेस सोलो करून, म्हणजे एकटा ऐकून, ठरवू नका. गिटार चालू ठेवा आणि वरच्या भागाचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) शून्यापासून हळूहळू चढवा. बेसची ओळ स्वरागणिक कळायला लागली की थांबा. सोलो केल्यावर तो कर्कश वाटेल, वाटू द्या.

लाटमोजणी:
एक गोष्ट राहिली, फेज, म्हणजे दोन भागांच्या लाटा एकमेकांशी जुळणं. २०० हर्ट्झची एक लाट ५ मिलिसेकंदांची. वरचा भाग खालच्यापेक्षा अडीच मिलिसेकंद मागे पडला तर फाळणीच्या जागी दोघं एकमेकांना खातात आणि बेस पोकळ होतो. प्लगिनने कळवलेला उशीर रीपर आपोआप भरून काढतो. पण आयआर फाइलच्या सुरुवातीला शांतता असली तर तिचा हिशेब कुणी कळवत नाही. वरच्या भागाची पोलॅरिटी उलटी करून बघा, म्हणजे लाट वरची खाली करा. उलटी केल्यावर बेस जास्त भरला तर समजा गडबड आहे, मग फाइलची ती सुरुवात कापा. दोन्ही फिल्टर एकाच जातीचे आणि एकाच उताराचे ठेवा.

जुनाफझ:
माझं मत थोडं वेगळं. संथ, जड गाण्यात इतकी स्वच्छ फाळणी केली की बेस दोन वाद्यांसारखा ऐकू येतो. तिथे पूर्ण आवाज फझमधून (खूप जाड, खरखरीत डिस्टॉर्शन) जाऊ द्यावा आणि शेजारी पूर्ण स्वच्छ आवाज मिसळावा. बॉसच्या ओडीबी-३ पेडलवर नेमकं यासाठीच बॅलन्सचं बटण आहे, ते स्वच्छ आणि फाटलेला आवाज मिसळतं. आणि बेस फाटणं ही काही आजची टूम नाही. १९६१ साली अमेरिकेत गाजलेल्या नॅशव्हिलच्या एका रेकॉर्डवर वादक ग्रेडी मार्टिन यांचा सहा तारांचा बेस कन्सोलच्या (स्टुडिओतल्या मिक्सरच्या) बिघडलेल्या चॅनेलमधून गेला आणि तो आवाज तसाच ठेवला गेला. इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी मग तो परिणाम मुद्दाम देणारं सर्किट घडवलं, त्यातून १९६२ चा माएस्ट्रो फझ-टोन हा पेडल आला. फझची वाट बेसवरूनच सुरू झाली, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा!

खर्जातला:
सगळ्यांचे मनापासून आभार. फाळणी करून पाहिली, दणका परत आला आणि मोबाइलवर पहिल्यांदाच बेसची ओळ कळली. आता नवीन अडचण. स्वर थांबला की वरच्या भागातून गुणगुण येते. लॅपटॉपचा चार्जर काढला की बरीच कमी होते.

लाटमोजणी:
मग रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिचे १००, १५०, २५० असे पट डिस्टॉर्शनमध्ये फुगतात. इक्वलायझरने ५० वर खाच पाडू नका, कारण जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा आहे, तोच मरेल. नॉइज गेट (हळू आवाज बंद करणारा) लावायचा तर डिस्टॉर्शनच्या आधी. घरातल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे.

पाचवीतार:
सगळ्या गाण्यांना २०० धरून चालू नका. जिथे गिटार दाट आहेत तिथे फाळणी ३०० ते ४०० पर्यंत वर न्या, खालचा स्वच्छ भाग जाड राहतो. एखादा ट्रॅक इथे टाकलात तर ऐकून नक्की सांगतो.