मार खाल्ला तो किमतीनं
अजिबात नाही हो! वर एकानं लिहिलंय, दर्जा घसरला म्हणून व्होल्वोचा बसधंदा इथं मागं पडला. 2001 ला व्होल्वोची बी7आर बस आली, इंजिन मागं, खाली हवेच्या फुग्यांचं सस्पेन्शन. तसली गाडी आपल्याकडं बघितली होती कुणी? माझ्या मते मार खाल्ला तो किमतीनं. शेवटी 2020 मध्ये बेंगळुरूजवळच्या होसकोटेचा बसकारखाना, ट्रक-बस बनवणाऱ्या आयशरसोबतच्या भागीदारीतल्या कंपनीकडं द्यायचं ठरलंच की.

दर्जावरून रडायचंच तर चॅसिस (इंजिन-चाकांचा खालचा सांगाडा) एकाची, बॉडी दुसऱ्याची असल्या गाड्यांवर रडा. गेल्या पावसाळ्यात निपाणीहून बेळगावला येताना (बॉडीवाल्याचं नाव नको) तवंदी घाट चढेपर्यंत खिडकीच्या रबरातून पाणी थेट मांडीवर. कंडक्टर म्हणतो, "सरकून बसा की!" सरकणार कुठं? तिकडं रिव्हेट सुटून पत्रा थडथडत होता.