डीपॉलची घसरण 2005 पासूनची नाही

शिकागोच्या डीपॉल विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचं सगळं बिनसलं ते 2005 मध्ये बिग ईस्ट या विद्यापीठ संघांच्या साखळीत गेल्यावर, हे मत मला अर्धंच पटतं. तिथली झुंज झेपली नाही हे खरंच: 2008-09 च्या साखळीत 0-18 (एकही विजय नाही, 18 पराभव), 2023-24 मध्ये 0-20. पण मूळ त्याच्याही मागे आहे, आणि तो मैदानाच्या मुद्द्यात आहे. 1980 पर्यंत घरचे सामने कॅम्पसवरच्या अल्युम्नाय हॉलमध्ये व्हायचे. जागा जेमतेम 5,000, पण पोरं वसतिगृहातून चालत यायची. रे मेयर प्रशिक्षक आणि खेळाडू मार्क अ‍ॅग्वायर ऐन भरात असताना तो हॉल अपुरा पडला, म्हणून संघ शहराबाहेर ओ'हेअर विमानतळाजवळ रोझमाँटला गेला, 17,000 हून जास्त खुर्च्यांच्या हॉलमध्ये. जिंकत होते तोवर ठीक. हरायला लागल्यावर आठवड्यामधल्या रात्री एवढ्या लांब कोण जाणार? रिकाम्या खुर्च्या पाहून शिकागोच्या सरकारी शाळांमधली चांगली पोरंही दुसरीकडे वळतात.

2017 मध्ये विनट्रस्ट अरीना या नव्या हॉलमुळे संघ शहरात परतला, पण कॅम्पसवर नाही. त्यात विद्यापीठाचं अमेरिकन फुटबॉल 1930 च्या दशकाअखेरीसच बंद झालेलं, म्हणजे बास्केटबॉलचा तोटा भरून काढणारा दुसरा मोठा खेळच नाही.