कृत्रिम आवाजात घरी केलेलं गाणं: शब्द कळत नाहीत, स्ट्रिंग्ज मागे पडतात, शेवटी आवाज पुढे पळतो

मंद्रसप्तक

भावगीताच्या वळणाचं संथ गाणं आहे. ४ मिनिटं, केरवा, लय ८४. अकूस्टिक गिटार माइकवर रेकॉर्ड केली आहे, बाकी सगळं आभासी, म्हणजे सॉफ्टवेअरमधली वाद्यं: स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारख्या गजाच्या वाद्यांचा ताफा), बासरी, तबला. गायिकेचा आवाज सिंथेसायझर व्ही स्टुडिओ या गाणाऱ्या सॉफ्टवेअरमधला, एआय प्रकारचा. चाल तिथे स्वतंत्रपणे बसवली, वेव्ह फाइल काढली आणि रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली. रीपरमधली लय टॅप करून घेतली होती.

अडचणी चार आहेत.

१. शब्द नीट कळत नाहीत. ‘चांदणं भिजलं तळ्याकाठी’ ही ओळ ‘चान्डनम बिजलम टल्याकाटी’ अशी ऐकू येते. सॉफ्टवेअरमध्ये उच्चारासाठी इंग्रजी ध्वनिसंच निवडलेला आहे.
२. मींड आणि हरकती यांत्रिक वाटतात. छोट्या छोट्या नोटा लिहून पाहिल्या, तर पेटी वाजल्यासारखं झालं.
३. स्ट्रिंग्ज ग्रिडवर (पडद्यावरच्या मात्रांच्या रेघांवर) तंतोतंत असूनही मागून येतात.
४. सुरुवातीला आवाज आणि गिटार एकत्र असतात, शेवटच्या अंतऱ्यापर्यंत आवाज जवळजवळ एक मात्रा पुढे गेलेला असतो. पट्टी मात्र बदललेली नाही.

मिक्सिंगमध्ये आवाजाला ईक्यू (कंप्रता कमी-जास्त करणारा), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), रिव्हर्ब (घुमारा) सगळं लावून झालं. फरक पडला नाही.

---

तालीम_चालू

फरक पडणारही नाही. चारपैकी एकही अडचण मिक्सिंगची नाही. ते प्लगइन सध्या बंद करून ठेवा.

आधी चौथी, कारण ती पाच मिनिटांत सुटेल. पट्टी तीच आहे म्हणता, म्हणजे सॅम्पल रेटचा (सेकंदाला आवाज किती वेळा मोजला त्याचा) घोळ नाही. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ची समजून वाजली असती तर सूर जवळजवळ दीड सेमीटोन (पेटीतल्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) वर गेला असता आणि गाणं पहिल्याच ओळीत सुटलं असतं. तुमचं हळूहळू सरकतंय, म्हणजे दोन्हीकडच्या लयीत दशांशाचा फरक आहे. टॅप केलेली लय क्वचितच पूर्णांकात येते. रीपरमध्ये टेम्पोच्या चौकटीत नीट बघा, ८३.७५ किंवा तसलं काही दिसेल. ४ मिनिटांत ८४च्या लयीने ३३६ मात्रा होतात आणि ८३.७५ने ३३५. तुमची हरवलेली मात्रा ही.

गिटार कुठल्या लयीच्या क्लिकवर वाजवली आहे ते महत्त्वाचं. ती ८३.७५वर असेल तर गिटारला हात लावू नका, आवाजाच्या प्रोजेक्टमध्ये ८३.७५ टाका आणि पुन्हा फाइल काढा. तयार फाइल ताणू नका. ताणलेली ‘स’ आणि ‘श’ लगेच ओळखू येतात.

आणखी एक: दोन्हीकडे पहिली दोन आवर्तनं रिकामी ठेवा आणि फाइल नेहमी शून्यापासून काढा. गाणं अगदी शून्यावर सुरू झालं तर पहिल्या शब्दाचं व्यंजन कापलं जातं, कारण व्यंजन नोटेच्या आधी वाजतं. ते का, हे पुढे कुणीतरी लिहीलच. शक्य असेल तर सिंथेसायझर व्ही प्लगइन म्हणूनच रीपरमध्ये उघडा. मग लय एकाच ठिकाणी राहते आणि ही भानगडच उरत नाही.

---

ळ_चा_पक्षपाती

उच्चारांबद्दल लिहितो. इंग्रजी संचात मराठी गाऊन घेणं हाच मूळ घोटाळा. इंग्रजी टी आणि डी आपल्या कानाला ट आणि ड वाटतात, म्हणून ‘तळ्या’चं ‘टल्या’ होतं. जपानी टी, डी मात्र दंत्य आहेत, म्हणजे त आणि द. जपानी स्वरही सरळ असतात. इंग्रजीत ‘ए’ शेवटी ‘इ’कडे आणि ‘ओ’ शेवटी ‘उ’कडे घसरतो, लांब नोटेवर ते फार खटकतं.

एआय आवाजांना आपल्या मूळ भाषेशिवाय इतर भाषांतही गाता येतं आणि नोटेगणिक भाषा बदलता येते. तर हिशोब असा: त-द आणि शुद्ध आ, ए, ओ हवे तिथे जपानी. ट-ड, ल आणि ऱ्हस्व अ हवा तिथे इंग्रजी. एका नोटेत एकच संच चालतो, त्यामुळे कुठे तडजोड करायची ते ठरवावं लागतं.

तुमचीच ओळ घेऊ. शब्द टाइप करून सॉफ्टवेअरवर सोडू नका, प्रत्येक नोटेचे ध्वनी हाताने भरा. खाली रोमन अक्षरांची नावं लिहिली आहेत: जपानी संचातला ‘ए’ म्हणजे आपला आ, इंग्रजीतला एएक्स म्हणजे ऱ्हस्व अ, एचएच म्हणजे ह.

‘चां’: हा ‘चमच्या’तला दंत्य च, ‘चिमणी’तला नव्हे. जपानीत टी-एस हा एकच ध्वनी आहे, तोच आपला च. पुढे ए आणि एन.
‘द’: जपानी डी-ए. अ थोडा उघडा येतो, पण नोट छोटी असेल तर कळत नाही.
‘णं’: ण कुठेच नाही. इंग्रजी एन आणि एएक्स घ्या, शेवटी ‘म’ लावू नका. बोलीतला हा अं म्हणजे लांबवलेला अ, तिथे ओठ मिटत नाहीत. ‘चान्डनम’ झालं ते त्या म मुळे.
‘भिज’: इंग्रजी. बी, एचएच, आयएच, मग डी आणि झेड जोडून. हा ज दंत्य आहे. एचएचची लांबी निम्म्यावर आणा, नाहीतर ‘ब-हि’ असे दोन तुकडे पडतात.
‘लं’: एल, एएक्स.
‘त’: जपानी टी-ए.
‘ळ्या’: इथे गंमत आहे. जपानी आर जीभ एकदाच आपटून निघतो, त्यामुळे आर-वाय-ए हे ‘ल्या’पेक्षा ‘ळ्या’च्या कितीतरी जवळ जातं. नुसता ळ हवा असेल तर इंग्रजी डीएक्स वापरून बघा.
‘का’: जपानी के-ए.
‘ठी’: इंग्रजी टी, एचएच, आयवाय.

ऐकताना एकेक नोट वेगळी ऐकू नका, सगळंच चुकीचं वाटतं. वाद्यांसकट अख्खी ओळ ऐका आणि शब्द ठाऊक नसलेल्या माणसाला विचारा काय ऐकू आलं ते. स्वतः लिहिलेले शब्द स्वतःला नेहमीच स्पष्ट ऐकू येतात, तिथे आपला कान बाद.

आता व्यंजन आधी का वाजतं ते. गाणारा माणूस मात्रेवर स्वर ठेवतो, व्यंजन त्याच्या अगोदर उरकतो. सॉफ्टवेअर तेच करतं आणि व्यंजनासाठी जागा आधीच्या नोटेच्या शेपटातून काढतं. ८४च्या लयीत पाव मात्रा १७९ मिलिसेकंदांची. त्यात ‘स्त्री’ किंवा ‘स्पर्श’सारखं जोडाक्षर आणि वर स्वरही बसवायचा म्हटलं की कुणीतरी चिरडला जाणार, आणि तो बहुधा आधीचा स्वर असतो. जोडाक्षराआधीची नोट एक अष्टमांश मात्रा आखूड करा, सुमारे ९० मिलिसेकंद. श्वास घ्यायच्या जागी तर अंतर हवंच. श्वासाशिवाय ४ ओळी ओढणारी गायिका कितीही सुरेल असली तरी खोटीच वाटते.

---

कोमल_गंधार

हरकतींबद्दल. छोट्या नोटा लिहिल्या की प्रत्येक नोटेला स्वतःची सुरुवात मिळते, म्हणून पेटी ऐकू येते. अक्षर एक तर नोट एक, ही सवय लावा. मुरकी त्या नोटेवर पिचची (सुराच्या उंचीची) रेघ काढून करायची. दोन स्वरांची लांब मींड असेल तर दोन नोटा चालतील, पण दुसऱ्या नोटेच्या शब्दाच्या जागी नुसती आडवी रेघ टाका म्हणजे स्वर तुटत नाही, आणि दोघांमधला संक्रमणाचा काळ वाढवा. संथ गाण्यात २०० ते ३०० मिलिसेकंदांपर्यंत जायला हरकत नाही. रेघ सरळ तिरपी नको. सुटताना रेंगाळणारी, मध्ये वेगाने जाणारी आणि पोचताना पुन्हा सावकाश होणारी अशी, आडव्या पडलेल्या एससारखी काढा.

सगळ्यात जास्त फरक आपोआप येणारा व्हायब्रेटो (सुराचा कंप) काढल्याने पडतो. तो साधारण साडेपाच हर्ट्झचा असतो आणि प्रत्येक लांब नोटेच्या शेवटी हजर होतो. भावगीतात बहुतेक स्वर सरळ ठेवतात. सगळ्या नोटांचा व्हायब्रेटो शून्य करा आणि जिथे खरंच हवा तिथे उशिरा सुरू होणारा, कमी खोलीचा द्या. आंदोलन हवं असेल तर ते हाताने काढा, सेकंदाला दोन-तीन हेलकाव्यांच्या वर नको.

रेघ कशी काढावी कळत नसेल तर ती ओळ स्वतः फोनवर गुणगुणा आणि पिच दाखवणाऱ्या कुठल्याही प्लगइनमध्ये उघडा. आवाज कसाही असू दे, वळणं खरी असतात.

तानपुरा लावणार असाल तर एक लक्षात ठेवा. षड्जाच्या जुळलेल्या सुरावर शुद्ध गंधार ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) बसतो, सॉफ्टवेअर तो ४००वर गातं. ओळ गंधारावर थांबत असेल तर ते १४ सेंट बोचतात. तेवढ्याच नोटा खाली आणा. गिटारचे कॉर्ड वाजत असताना मात्र हे करू नका, गिटार ४००वरच असते.

---

तिरकीट

स्ट्रिंग्जचं कारण साधं आहे. त्या खऱ्या वादकांचे रेकॉर्ड केलेले नमुने असतात, गजाचा आवाज भरायला वेळ लागतो. नोट सुरू होते ग्रिडवर, पण कानाला ती ‘लागते’ १०० मिलिसेकंदांनी. नोटा हाताने सरकवू नका. ट्रॅकला उणे डिले द्या, म्हणजे तो आधी वाजेल; उणे ८० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा आणि गिटारसोबत ऐकत उणे १५०पर्यंत जा. लेगाटो (न तुटता जोडलेले स्वर) आणि आखूड गजासाठी आकडा वेगळा येतो, म्हणून ते दोन वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. लेगाटोत नोटा एकमेकींवर किंचित चढलेल्या हव्यात, नाहीतर संक्रमणाचा नमुना वाजतच नाही.

बऱ्याच लायब्ऱ्यांमध्ये (नमुन्यांच्या संचांमध्ये) लांब गजाला व्हेलॉसिटीने (नोट किती जोरात दाबली त्या आकड्याने) काहीच होत नाही, जोर सीसी १ आणि सीसी ११ या मिडी नियंत्रणांवर असतो. सीसी १ने वादनाचा पोत बदलतो, ११ने नुसता आवाज. दोन्हींना ओळीगणिक चढउतार द्या. सीसी सपाट असेल तर कितीही महागडी लायब्ररी ऑर्गनसारखीच वाजणार.

तबल्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तोही बिघडलेला असणार. समेची व्हेलॉसिटी १०० ते ११०, भरीच्या बोलांची ३० ते ५०, आणि एकच बोल सलग एकाच व्हेलॉसिटीने दोनदा नको. दायाँ गाण्याच्या षड्जाला लावा. नमुना दोन-तीन सेमीटोनांपेक्षा जास्त सरकवला की चामडं प्लास्टिकचं होतं, त्यापेक्षा दुसऱ्या पट्टीचा संच शोधा. बायाँची मींड पिच बेंडने करत असाल तर वाद्यातली बेंडची मर्यादा आधी पाहा, ती सहसा २ सेमीटोन असते.

---

मंद्रसप्तक

टेम्पोची चौकट पाहिली, ८३.७५च निघाला. आवाज त्या लयीत पुन्हा काढला, शेवटपर्यंत जुळतो. ‘चां’ आणि ‘ळ्या’ तर एकदम सुधारले. स्ट्रिंग्ज उणे ११०वर बसल्या.

आता मिक्सिंगबद्दल विचारतो. आवाज गिटारच्या पुढे चिकटवल्यासारखा वाटतो, एका खोलीतला वाटत नाही. भरीव करण्यासाठी तोच ट्रॅक कॉपी करून डावी-उजवीकडे ठेवला, एक १५ मिलिसेकंदांनी मागे. स्पीकरवर बरा वाटतो, फोनवर पोकळ.

---

तालीम_चालू

कॉपी काढून टाका. तेच ध्वनितरंग १५ मिलिसेकंदांनी मागे ठेवून फोनच्या एका स्पीकरमध्ये एकत्र आले की काही कंप्रता एकमेकींना खातात, तो पोकळपणा त्याचाच. दुसरा आवाज खरोखर वेगळा गायलेला हवा. त्याच ओळीचा नवा टेक निर्माण करा, टेन्शन (आवाजातला ताण) थोडं कमी आणि ब्रेथिनेस (श्वासाचा अंश) थोडा जास्त, मुख्य आवाजापेक्षा १० ते १२ डेसिबल खाली. आणि तोही फक्त ध्रुवपदात.

खोलीचं म्हणाल तर गिटारमध्ये तुमच्या खोलीचा थोडा प्रतिध्वनी आहेच, कृत्रिम आवाज मात्र ठार कोरडा. एकच छोटा रूम रिव्हर्ब, ०.४ ते ०.६ सेकंदांचा, सेंडवर (अनेक ट्रॅक पाठवता येतील अशा वेगळ्या ट्रॅकवर) लावा. त्यात आवाज जास्त पाठवा, गिटार अगदी थोडी. मग दुसरा लांब रिव्हर्ब, प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचा वेळ) ३० ते ४० मिलिसेकंद, म्हणजे शब्द पुढे राहतात. रिव्हर्बच्या परतीवर २०० हर्ट्झच्या खालचं आणि ८ किलोहर्ट्झच्या वरचं कापा.

आवाजावर ८०-१०० हर्ट्झला हाय-पास, म्हणजे त्याखालचं कापा. कर्कशपणा असेल तर तो बहुतेक वेळा अडीच ते चार किलोहर्ट्झमध्ये सापडतो, पण शब्दही तिथेच असतात. म्हणून सरसकट कापण्यापेक्षा डायनॅमिक ईक्यू (कर्कश होईल तेवढ्याच वेळी कापणारा), जास्तीत जास्त ३ डेसिबल. त्याच पट्ट्यात स्ट्रिंग्जना २ डेसिबल खाली घ्या, आवाज न वाढवता वर येईल. कॉम्प्रेसर ३:१, सुईची घसरण (किती दाबलं ते) ३-४ डेसिबल, त्याहून जास्त नको. माणसाचा आवाज दाबावा लागतो कारण तो उसळतो, हा मुळातच सपाट आहे. याला उलट एडिटरमध्ये लाउडनेसचे चढउतार द्यावे लागतात. टोचणारी ‘स’ही तिथेच कमी करा, डी-एसर (‘स’ दाबणारं प्लगइन) पुरे पडत नाही.

फाइल काढताना ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर) उणे १ डेसिबलवर अडवा. एकूण सरासरी जोर उणे १४ एलयूएफएसच्या (जोर मोजायचं एकक) आसपास पुरे, त्याहून जोरात केलेलं यूट्यूब स्वतःच खाली आणतं.

---

ळ_चा_पक्षपाती

एक राहिलं. प्रकाशित करण्याआधी त्या आवाजाचा परवाना वाचा. सॉफ्टवेअरचा वेगळा आणि आवाजाचा वेगळा असतो. ओपनयूटाऊसारखं गाणारं सॉफ्टवेअर मुक्त असलं तरी त्यात टाकलेल्या एखाद्या आवाजाला व्यावसायिक वापराची मनाई असू शकते, किंवा नाव देण्याची अट. आवाजाच्या फोल्डरमध्ये एक मजकूर फाइल असते, तीच वाचा.

आणि ‘भिज’मधला एचएच अजून थोडा कमी करा. निम्म्यावर सांगितला होता, पण तुमची नोट आखूड असेल तर ४० टक्क्यांवर बरा वाटेल.