व्हिंटेज रॅली: चालत्या ट्रॅक्टरसाठी शटर किती ठेवावं?

नवा_क्लच: रविवारी रॅली आहे. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० मिमी लेन्स, एक पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) जवळ आहे. १/५०० सेकंद शटरला चालते ट्रॅक्टर उभेच वाटतात, शटर हळू केलं की फोटो पांढराफटक. शिवाय क्रोमवरची चमक पोलरायझरने जात नाही. काय चुकतंय?

मागचं_चाक: ट्रॅक्टर मुळातच हळू चालतो. ताशी १२ किमी म्हणजे सेकंदाला ३.३ मीटर. १/५०० मध्ये टायरची कड जेमतेम ७ मिमी सरकते, नक्षी मोजून घ्या! १/६० ला साडेपाच सेंमी, १/३० ला ११. तुम्ही १/३० पासून सुरुवात करा. मोटारी ताशी ४० ने जात असतील तर तेवढाच परिणाम १/१०० ला मिळतो.

फोटो पांढरा पडतो कारण भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/१६ (लेन्सचं छिद्र अगदी लहान) ला शटर साधारण १/१०० येतं. १/३० साठी पावणेदोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड कापायला हवा. पोलरायझर दीड स्टॉप खातो, म्हणजे बहुतेक काम तिथेच होतं. पण एफ/१६ ला फोटो किंचित मऊ येतो आणि सेन्सरवरची धूळ उठून दिसते. एनडी ८ (उजेड आठपट कमी करणारा गडद फिल्टर) मिळाला तर एफ/१० वर भागेल.

पाय ट्रॅक्टर समोर येईल त्या दिशेला रोवा आणि कॅमेरा ट्रॅक्टरबरोबर फिरवत कमरेतून वळा. फोकस कंटिन्युअस, पॉइंट बॉनेटवरच्या नावावर, बर्स्ट (सलग फोटो) चालू. क्लिक झाल्यावर लगेच थांबू नका, वळत राहा. बरेच फोटो फुकट जाणार, ते गृहीत धरा.

तेलकट_फडकं: लान्झ बुलडॉग किंवा फील्ड मार्शल हे जुने ट्रॅक्टर असतील तर १/३० विसरा. एकच आडवा सिलिंडर, अख्खं धूड उड्या मारतं. कितीही सफाईने वळलात तरी बॉनेट दुहेरी येणार. १/८० ते १/१२५ ठेवा.

खरं तर हे सुरू होतानाच टिपावेत. जुन्या लान्झचा हॉट बल्ब (इंधन पेटवणारा सिलिंडरच्या डोक्यावरचा गोळा) आधी ब्लोलॅम्पने तापवतात, मग स्टिअरिंग दांड्यासकट काढून फ्लायव्हीलमध्ये घालतात आणि झटका देतात. तापायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात जागा धरा: बाजूला, ४-५ मीटर लांब, सूर्य धुराच्या मागे, पाठीमागे गडद झाडी. पांढऱ्या आकाशावर धूर दिसतच नाही. आणि कॅमेऱ्याचा पट्टा फ्लायव्हीलजवळ लोंबू देऊ नका.

निकेल_क्रोम: पोलरायझर रंगावर आणि काचेवर चालतो, तोही तिरप्या कोनातून. उघड्या धातूवर नाही. क्रोम म्हणजे आरसाच, त्यात तुम्ही दिसता. गडद शर्ट घाला. उभी गाडी १८ वर जवळून काढली की पुढचा दिवा फुगतो. मागे सरून ५५-७० वापरा, कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर. चाक वळलेलं असेल तर रिम दिसेल त्या बाजूने. कॅमेऱ्याचा प्रकाश मीटर काळी गाडी राखाडी करून टाकतो, एक्स्पोजर भरपाई −२/३ ते −१ द्या.

नवा_क्लच: राखाडी फर्ग्युसन आणि लाल फार्मॉल आहेत. त्यांना?

निकेल_क्रोम: फर्ग्युसन टीई२० चा राखाडी मीटरला बहुतेक जमतो, भरपाई शून्य. फार्मॉलला लाल चॅनेल आधी जळतो (लाल रंगातले बारकावे जातात), म्हणून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) रंगवार बघा आणि −१/३ पासून खाली या.